कंपनीच्या ॲम्पला जुळणारे स्पीकर शोधताना

सेकंडहँड सेडान घेतली होती, २०१५ ची, टॉप मॉडेल. त्यात कंपनीतूनच आलेली ब्रँडेड साउंड सिस्टीम, म्हणजे ड्रायव्हर सीटखाली वेगळा ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर), डॅशबोर्डच्या दोन टोकांना ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, आणि चारही दारांत स्पीकर. ऐकायला खरंच छान होती. मग एका पावसाळ्यानंतर उजव्या पुढच्या दारातून डग्ग्यावर हात पडला की फर्रर्र असं यायला लागलं, आवाज कमी केला तर जायचं, वाढवला की परत हजर. जाळीला कान लावून ऐकल्यावर खात्री झाली की स्पीकरच गेलाय. आता बदलायचाच आहे तर पुढची जोडीच बदलू असं ठरवलं आणि तिथून हा सगळा अभ्यास सुरू झाला. लिहून ठेवतोय कारण अशी सिस्टीम असलेल्या गाड्या आता बऱ्याच झाल्यात आणि बाजारात सल्ला मात्र अजून साध्या चार स्पीकरवाल्या गाड्यांचाच मिळतो.

आधी पुण्याच्या नाना पेठेत गेलो. तिथे गाडीचं काहीही मिळतं आणि माणसंही बोलायला मोकळी, पण स्पीकरचा विषय काढला की गाडी थेट वॅटवर येते. दुकानदाराने बॉक्स काढून समोर ठेवला, "साहेब, हे घ्या, ३०० वॅट. कंपनीच्या स्पीकरमध्ये काय दम असतो." मी विचारलं ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, किती आहे, तर म्हणाला, "चारच असतात सगळे, टेन्शन नका घेऊ, गाडी आणा, लगेच बसवून देतो." माणूस प्रेमाने सांगत होता, त्यात फसवाफसवी काही नव्हती, आणि दहातल्या बहुतेक गाड्यांना त्याचं उत्तर चालून जाईलही. पण माझ्या सीटखाली तो ॲम्प होता आणि त्याला चार ओहम अपेक्षित आहे की आणखी काही, हे त्या बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसणार.

वॅटचं एकदा नीट सांगतो. बॉक्सवरचा ३०० हा आकडा बहुतेक वेळा पीक असतो, म्हणजे क्षणभर सोसेल इतका. खाली बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत सोसेल इतका, लिहिलेला असतो, ५० किंवा ६०, तो खरा. आणि तो सुद्धा स्पीकर किती सोसतो एवढंच सांगतो, तो किती मोठा वाजेल हे सांगत नाही. किती वाजेल ते तुमची सिस्टीम किती देते आणि स्पीकर त्यातलं आवाजात किती बदलतो यावर. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात, साध्या स्टिरिओच्या आतली चिप यापेक्षा जास्त व्होल्टेज आणणार कुठून, त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरला कागदावर जास्तीत जास्त २६ वॅट निघतात आणि चिपमधलं नुकसान धरलं की स्वच्छ आवाजाचे १८-२० उरतात. स्टिरिओवर "५० वॅट x ४" छापलेलं असलं तरी हे गणित बदलत नाही. म्हणजे २० वॅट मिळणार असतील तिथे ३०० वॅट सोसणारा स्पीकर घेऊन फायदा काय? उलट तसले जाड कोनचे (कोन म्हणजे पुढेमागे हलून आवाज काढणारा भाग), जड स्पीकर हलवायलाच जास्त ताकद लागते.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, मल्टिमीटर मिळेल का जरा? गाडीचे स्पीकर मोजायचेत."

"मिळेल की. पण दोन ओहमच्या आसपासचं काही मोजणार असशील तर आधी दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून बघ, मीटर किती दाखवतो ते. ते वजा केल्याशिवाय आकडा धरू नकोस."

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. साध्या मीटरच्या वायरींनाच स्वतःचा रेझिस्टन्स असतो, आमच्या मीटरला ०.४ ओहम आला. चार ओहमच्या स्पीकरला एवढ्याने फार बिघडत नाही, पण दोन ओहमचा स्पीकर मोजताना हा थेट पाचवा हिस्सा होतो आणि सगळा अंदाज चुकतो.

रविवारी सकाळी दार उघडलं. हँडलच्या मागच्या छोट्या झाकणाखाली एक स्क्रू, आर्मरेस्टच्या खोबणीत एक, आणि बाकी कडेने सगळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. त्या पान्याने उपटायच्या नाहीत, प्लॅस्टिकची पट्टी मिळते ती आत घालून खालच्या कोपऱ्यापासून हळूहळू वर यायचं. काचेच्या स्विचचा कनेक्टर काढायचा. आत एक पातळ प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट बुटाइल रबराने चिकटवलेला असतो, तो पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून, तो फाडायचा नाही. स्पीकर स्क्रूने नव्हता, रिव्हेट मारलेले होते, ते ड्रिलने उडवावे लागले. बाहेर काढल्यावर दिसलं की कोन कागदाचा, अगदी हलका, आणि त्याच्या कडेची जी रिंग असते ती एका बाजूने बोटभर सुटलेली. फर्रर्र तिथूनच येत होतं.

कागदाचा कोन बघून नाक मुरडू नका. हलका कोन थोड्या ताकदीत जास्त हलतो, म्हणून कंपन्या तो वापरतात. स्वस्त असतो हे खरं, पण कमी वॅटमध्ये मोठा आवाज हा त्याचा गुण आहे आणि महागड्या जड स्पीकरमध्ये नेमका तो हरवतो.

मीटर लावला. २.१ दाखवलं, त्यातून ०.४ गेले, १.७ राहिले. डीसी रेझिस्टन्स, म्हणजे मीटरवर दिसणारा अडथळा, हा नेहमी छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो, चार ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ च्या मध्ये कुठेतरी दाखवतो. १.७ म्हणजे हा दोन ओहमचा स्पीकर. मागच्या दारांचं ट्रिम (आतलं प्लॅस्टिकचं आवरण) काढून मोजलं तर तिथे ३.५, म्हणजे चार ओहम. एकाच गाडीत दोन प्रकार.

काकांना फोन केला तर म्हणाले, "बरोबर आहे, बारा व्होल्टमधून जास्त वॅट काढायचा तोच स्वस्त मार्ग." व्होल्टेज वाढवायचं तर ॲम्पमध्ये वेगळा कन्व्हर्टर टाकावा लागतो, त्याला पैसे, जागा, उष्णता सगळं आलं. त्यापेक्षा स्पीकरचा ओहम अर्धा केला की त्याच व्होल्टेजमध्ये दुप्पट करंट, दुप्पट वॅट. पाण्याची टाकी तेवढ्याच उंचीवर ठेवून नळाचं तोंड मोठं केल्यासारखं. आणि ॲम्प बनवणाऱ्याला स्पीकर कुठला येणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे तो दोन ओहमचा भार धरूनच बनवतो. बोसने जनरल मोटर्सबरोबर १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलपासून हा रस्ता घातला, म्हणजे ॲम्प, स्पीकर आणि आवाजाची दुरुस्ती हे सगळं त्या एका गाडीच्या केबिनसाठी एकत्र डिझाइन करायचं. नंतर बाकीच्यांनीही तेच केलं. ऐकायला उत्तम, पण त्यातला एक तुकडा बदलायला गेलं की बाकीचे तुकडे कशाच्या भरवशावर बसलेत ते बघावंच लागतं.

आता अशा ॲम्पला चार ओहमचा स्पीकर लावला तर काय होईल? जळणार वगैरे काही नाही. वॅट अर्धे होतील, म्हणजे ३ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) कमी. ३ डीबी ऐकून कोणी म्हणणार नाही की आवाज निम्मा झाला, त्यासाठी साधारण १० डीबी लागतात, पण फरक कळतो नक्की. आणि खरी अडचण वेगळी आहे. दारातला स्पीकर ३ डीबीने खाली गेला पण डॅशबोर्डवरचा ट्वीटर होता तिथेच राहिला. मग व्हॉल्यूम कितीही वाढवा, दोघांमधलं अंतर तेवढंच राहणार. माझ्या मावसभावाच्या गाडीत हेच झालं होतं, त्याच्याकडे पण अशीच ॲम्पवाली सिस्टीम, बाहेरून चांगल्यातले चार ओहमचे स्पीकर टाकून घेतले आणि तेव्हापासून झांजा-टाळ कानात घुसतात आणि पखवाज कुठेतरी लांब वाजतोय असं वाटतं. तो बिचारा महाग स्पीकर घेऊन बसलाय आणि बेस वाढवत राहतो. त्याचे स्पीकर वाईट नाहीत, जोडी जुळलेली नाही एवढंच.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. साधा स्टिरिओ, चार ओहमसाठी बनवलेला, त्याला दोन ओहमचे स्पीकर लावले तर चिपमधून जास्त करंट जातो, ती तापते, मग आवाज मध्येच बंद पडतो किंवा एखाद्या उन्हाळ्यात कायमची जाते. त्यामुळे नियम असा धरला की ज्या जागी जेवढा ओहम होता त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलो तर किती आवाज जाईल ते आधी मोजायचं.

पण ओहमच्या आधी अजून एक प्रश्न सोडवायचा होता, की दाराच्या वायरमध्ये येतंय काय? दुकानदार कोएक्सियल देत होता, म्हणजे वूफरच्या (जाड, खालचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) मधोमध छोटा ट्वीटर असलेला. साध्या गाडीत दाराच्या वायरमधून सगळाच आवाज येतो, तिथे तो मस्त चालतो. ॲम्पवाल्या गाडीत ट्वीटरला वेगळी वायर असू शकते आणि दाराच्या वायरमध्ये फक्त खालचा आणि मधला आवाज पाठवलेला असतो. तसं असेल तर कोएक्सियलच्या ट्वीटरचे पैसे तुम्ही भरलेत पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

हे शोधायचा एक सोपा पुरावा डॅशबोर्डवरच असतो. ट्वीटरची जाळी काढली आणि पाठीमागे बघितलं, कपॅसिटर नव्हता. साध्या सिस्टीममध्ये ट्वीटरच्या वायरवर एक छोटा कपॅसिटर असतोच, तो खालचा आवाज अडवतो, नाहीतर ट्वीटर जळेल. चार ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा लावला तर साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा मोठा तितका आवाज बारीक) खालचं हळूहळू कमी होत जातं. मीटरने मोजतानाही कळतं, कपॅसिटर असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट तुटल्यासारखं. इथे सरळ ३.४ आले. म्हणजे गाळणी ॲम्पच्या आत आहे.

तरी खात्री करून घेतली. पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे टोन टाकले, ५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत, व्हॉल्यूम मध्यावर ठेवला, दाराच्या कनेक्टरवर मीटर एसी व्होल्टवर लावला. १०० हर्ट्झला २.६ व्होल्ट, ५०० ला जवळपास तेवढेच. त्याच्या वर मीटरवर भरवसा ठेवला नाही, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या आसपासपर्यंतच धड मोजतात, त्यापुढे आकडा पडत जातो आणि आपल्याला वाटतं सिग्नलच पडला. म्हणून काकांच्या जुन्या रेडिओमधला छोटा स्पीकर त्या वायरला लावून कानाने ऐकलं. २००० पर्यंत स्पष्ट, ४००० ला क्षीण, ८००० ला शांत. ट्वीटरच्या वायरवर तोच स्पीकर लावला तर १०० हर्ट्झला शांत आणि वर गेल्यावर सुरू. मागच्या दारांत मात्र सगळं येत होतं. म्हणजे पुढच्या दारात मला हवा होता फक्त मिडबास वूफर, म्हणजे खालचा आणि मधला आवाज काढणारा, साडेसहा इंची, दोन ओहमच्या जवळचा.

एक सांगून ठेवतो, हे करताना स्पीकरची कुठलीही वायर गाडीच्या बॉडीला टेकू द्यायची नाही. घरच्या जुन्या डेकमध्ये काळी वायर ग्राउंडला असायची, गाडीच्या ॲम्पमध्ये दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. काळी म्हणून बॉडीला लावली तर ॲम्प संपला.

मग बॉक्स वाचायला लागलो आणि इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, पण मजाही इथेच आली. सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, डीबीमध्ये, ठरावीक ताकद दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो तो. गोम अशी की काही कंपन्या हा आकडा एक वॅटला देतात आणि काही २.८३ व्होल्टला. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, तिथे दोन्ही एकच. पण चार ओहमला २.८३ व्होल्ट दिले की दोन वॅट जातात आणि आकडा आपोआप ३ डीबीने मोठा दिसतो, दोन ओहमला चार वॅट, ६ डीबी मोठा. माझ्यासमोर दोन बॉक्स होते, दोन्ही चार ओहमचे, एकावर ८८ डीबी एक वॅटला, दुसऱ्यावर ९१ डीबी २.८३ व्होल्टला. दुकानात सांगितलं की दुसरा जास्त वाजतो. आकड्यांप्रमाणे दोन्ही तंतोतंत सारखे.

आता यात बरोबर कुठला धरायचा? आपल्या कामाला २.८३ व्होल्टवालाच. कारण गाडीचा ॲम्प ठरावीक व्होल्टेज पुढे करतो, समोर जेवढा ओहम तेवढे वॅट खेचले जातात. म्हणजे त्याच ॲम्पवर कोण किती वाजेल हे सगळ्यांना सारखं व्होल्टेज दिल्यावरच कळणार. म्हणून सगळे आकडे २.८३ व्होल्टवर आणून एका कागदावर लिहिले. एक वॅटचा आकडा असेल तर चार ओहमला ३ मिळवायचे, तीन ओहमला साधारण ४, दोनला ६. या हिशोबाने चार ओहमचा पण चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर दोन ओहमच्या सुस्त स्पीकरला मागे टाकू शकतो. म्हणजे "कंपनीचा दोन ओहम तर आपणही दोनच ओहम" एवढ्यावर पण थांबू नये. ३०० वॅटवाल्या बॉक्सवर सेन्सिटिव्हिटी लिहिलेलीच नव्हती, तो बाजूला ठेवला.

दोन ओहमचा सुटा मिडबास शोधायला गेलो तर मिळेना. तपकीर गल्लीत सगळं घरगुती आणि सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचं सामान, तिथे चार आणि आठ ओहम भरपूर. पण कार ऑडिओमध्ये हरमनच्या घराण्यात, म्हणजे जेबीएल आणि इन्फिनिटीमध्ये, काही मॉडेल दोन ते तीन ओहमची असतात. त्यामागचं त्यांचं म्हणणं असं की गाडीतल्या बारीक वायरींमध्ये जे वाया जातं ते यातून भरून निघतं. त्यातलं एक साडेसहा इंची मॉडेल होतं, तीन ओहम, ९३ डीबी २.८३ व्होल्टला, पण कोएक्सियल. म्हणजे मला नको असलेला ट्वीटर सोबत येणार होता. विचार केला की वायरमध्ये वरचा आवाज येतच नाही तर तो ट्वीटर गप्प बसून राहील, त्याने बिघडतंय काय? आधी कोएक्सियल टाळत होतो ते पैसे वाया जातील म्हणून, पण इथे वूफरच हवा तसा मिळत होता. दुकानदाराला म्हटलं, बॉक्स उघडून मीटर लावून बघू का? तो तयार झाला, २.८ दाखवलं, ०.४ गेले, २.४ राहिले. छापील तीन ओहमला शोभणारा आकडा. जोडी ५,२०० रुपयांना घेतली.

बसवायचं काम वेगळंच असतं. कंपनीच्या स्पीकरला त्याचा प्लॅस्टिकचा सांगाडाच गाडीच्या भोकाच्या मापाचा होता, नव्याला मध्ये एक रिंग लागणार. बाजारात एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या) रिंगा मिळतात, पण दाराच्या आत पावसाळ्यात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जाण्यासाठीच दार बनवलेलं असतं, तिथे एमडीएफ फुगतो आणि स्क्रू ढिले होतात. आम्ही स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड वापरला, बारा मिलिमीटर जाड, एचडीपीई प्लॅस्टिकचा. पाण्याचा काही परिणाम नाही, जिगसॉने लोण्यासारखा कापला जातो, सुताराने दोन रिंगा सहज काढून दिल्या. बायकोला नवा बोर्ड आणून दिला हे सांगायला नको.

स्पीकर किती खोल बसेल याचं माप दोन बाजूंनी घ्यायचं असतं आणि लोक एकच बाजू बघतात. आतल्या बाजूला काच. काच पूर्ण खाली केली आणि पत्र्यापासून काचेपर्यंत मोजलं, ५२ मिलिमीटर. स्पीकरची खोली ६०, त्यातले १२ रिंगमध्ये गेले, ४८ आत, म्हणजे ४ मिलिमीटर मोकळे. बाहेरच्या बाजूला दाराचं ट्रिम आणि जाळी. तिथे पट्टी घालता येत नाही, म्हणून मधल्या ट्वीटरच्या टोकावर कणकेचा छोटा गोळा ठेवला, वर प्लॅस्टिकचा कागद, ट्रिम दाबून बसवलं, परत काढलं आणि गोळा किती चपटा झाला ते मोजलं. ६ मिलिमीटर जाड राहिला होता. एवढी जागा पुरते, वूफर बेसला पुढेमागे हलला तरी जाळीला लागणार नाही.

कंपनीची वायर कापली नाही. जुन्या स्पीकरवरचा कनेक्टरचा भाग काढून त्याला नव्या वायरी जोडल्या, म्हणजे गाडीकडचा प्लग जसा होता तसा घुसतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे फारच महत्त्वाचं आणि नसली तरी उद्या जुनं परत लावायचं झालं तर दोन मिनिटांचं काम.

पोलॅरिटीवर, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडण्यावर, माझा विशेष जीव आहे. कनेक्टरवर प्लस-मायनसच्या खुणा नव्हत्या. जुन्या स्पीकरला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला, कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला तो स्पीकरचा प्लस. आत गेला तर उलट. वायरींचे रंग लिहून ठेवले आणि नवा त्याच दिशेने जोडला. इथे गाडी चारचौघांसारखी वाजली तरी चूक लपून राहू शकते, कारण एक दार उलटं जोडलं तर आवाज बंद होत नाही, फक्त बेस पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून यायच्या ऐवजी डोक्याभोवती पसरतो. ट्वीटर कंपनीचेच ठेवल्यामुळे वूफर आणि ट्वीटरची दिशा जुळणंही तितकंच गरजेचं होतं. ट्वीटरला असला सेल टेकवायच्या भानगडीत मात्र पडू नका, नाजूक असतात.

आधी फक्त उजवा बसवला आणि डावा जुनाच ठेवला, मुद्दाम, तुलनेसाठी. डावा जुना चांगल्या अवस्थेत होता ना. इंजिन आणि एसी बंद, काचा वर, फोन दोन सीटच्या बरोबर मध्ये ठेवून आवाज मोजायचं ॲप चालू केलं. फोनचा आकडा खरा डीबी म्हणून धरू नये, पण फोन हलवला नाही तर दोन मोजमापांतला फरक विश्वासाचा असतो. बॅलन्स पूर्ण डावीकडे, २०० हर्ट्झ, ७६. पूर्ण उजवीकडे, ७५. १०० हर्ट्झला दोन्ही सारखे. ५०० ला नवा एकाने वर. छापील सेन्सिटिव्हिटी हा एकच आकडा सगळ्या फ्रिक्वेन्सीला लागू होत नाही, त्यामुळे दारात बसवल्यावर हे बघायलाच हवं होतं, आणि हे आकडे आल्यावर मला खरंच फार आनंद झाला. कंपनीच्या ट्वीटरशी याचं जमणार होतं. मग डावाही बदलला.

ट्वीटर बदलू का हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा सिस्टीममध्ये ते धड असतील तर हात लावू नये. ॲम्पमधलं इक्वलायझेशन, म्हणजे आवाजाची दुरुस्ती, त्या ट्वीटरचा स्वभाव धरून केलेलं असतं, कुठे तो चढतो तिथे दाबलेलं, कुठे पडतो तिथे उचललेलं. नवा, कितीही चांगला ट्वीटर टाकला तर त्याला जुन्याचं औषध मिळत राहणार.

बेसबद्दल एक गोष्ट मोजतानाच सापडली. ५० हर्ट्झचा टोन लावून व्हॉल्यूम वाढवत गेलो तर एका टप्प्यानंतर व्होल्टेज पुढे सरकेनाच, ५०० हर्ट्झला मात्र चढतच होतं. म्हणजे मोठ्या आवाजाला कंपनी स्वतःच बेस आवरून घेते, लहान कागदी स्पीकर फाटू नये म्हणून. नवा स्पीकर जास्त सोसणारा असला तरी ही लगाम ॲम्पमध्ये आहे, स्पीकर बदलून सुटणार नाही. ज्यांना छातीत धडधडणारा बेसच हवाय त्यांनी दारांच्या मागे न लागता वेगळा सबवूफर घ्यावा. मला डग्गा, पखवाज आणि ढोलकी स्वच्छ हवी होती, ती मिळाली.

दार उघडंच होतं म्हणून पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट पण लावली. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं तर डबा वाजल्यासारखा ठण् आवाज यायचा, स्पीकरच्या मागच्या भागात बुटाइलची ॲल्युमिनियमवाली शीट रोलरने दाबून बसवल्यावर तोच टकटक बद्द यायला लागला. डांबराची स्वस्त शीट मिळते ती घेऊ नका, आपल्याकडच्या मे महिन्यात दाराच्या आत ती मऊ पडते आणि वास येतो. खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची आणि रिंग व पत्र्याच्या मध्ये फोमची पट्टी चारी बाजूंनी सलग लावायची. ती पट्टी सर्वांत स्वस्त वस्तू आणि फरक सर्वांत मोठा, कारण कोनच्या मागचा आवाज फटीतून पुढे आला की पुढच्या आवाजाला तो खातो आणि बेस गायब.

नंतर ताईच्या हॅचबॅकचं कामही केलं. तिथे ॲम्प नाही, स्टिरिओतून थेट चार दारं, सगळीकडे मीटरवर ३.५ च्या आसपास, ट्वीटर नाहीतच. तिथे चार ओहमचे कोएक्सियल घेतले, नाना पेठेतल्याच दुकानातून, फक्त वॅट बाजूला ठेवून सेन्सिटिव्हिटी बघितली. मागचे बदलले नाहीत. ताई म्हणाली, "मागचे पण टाकून दे ना एकदाचे," पण पुढे बसणाऱ्याला मागच्या स्पीकरमधून फारसं काही मिळत नाही, त्याच पैशात पुढच्या दारांना डॅम्पिंग होतं, ते केलं.

माझ्या गाडीचे कंपनीचे जुने स्पीकर एका डब्यात जपून ठेवलेत, कनेक्टरचे तुकडे आणि वायरींच्या रंगांची चिठ्ठी त्यातच. आता मावसभावाच्या दारांचा नंबर आहे, त्याला सांगितलंय की बेस वाढवणं थांबव आणि शनिवारी गाडी घेऊन ये, मीटर काकांकडून आणून ठेवतो.